पहिल्या नंबरचं वाक्य

संघपाल नांदेडात नेमकं काय करतो, हे त्याच्या गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. "कंपुटरवर हाय," एवढं बोलून त्याची आई चांगुणा विषय मिटवायची. काम म्हटलं तर सोपंच होतं. मोबाईलवर कुणी काही शोधलं, की आपल्या गिऱ्हाइकाचं पेज सगळ्यात वर दिसलं पाहिजे, बस्स. त्या पेजवर लिहिलेलं खरं की खोटं, हे कुणी विचारत नव्हतं. मृत्युंजय सरांच्या हापिसात पाच जण होते, पण संघपालसारखा हुशार गडी दुसरा नव्हता.

त्याची हुशारी कशात, तर आपली माणसं कशी बोलतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शहरातला लिहिणारा 'सर्पदंश' लिहून मोकळा व्हायचा. आता सर्पदंश कोण म्हणतं हो आपल्याकडं? हदगावकडच्या शिवारात सापाचं नावच घेत नाहीत. साप चावला तर 'पान लागलं' म्हणतात. आणि टाइप करायची दगदगही कुणी करत नाही, लोक मोबाईल तोंडाशी धरून जे तोंडात येईल तेच बोलतात. नांदेडच्या एका खासगी दवाखान्याचं काम आलं, तेव्हा संघपालनं 'पान लागलं तर काय करावं' या नावाचं पेज केलं. मग तेच पेज, नुसतं गावाचं नाव बदलून, एकशे चाळीस गावांसाठी केलं. त्यात त्याचं स्वतःचं गाव होतं, धाकटी बहीण लुंबिनी दिली होती ते गावही होतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचं पेज खाली कुठं जाऊन पडलं, ते दिसेनासं झालं.

सर खूश झाले, पण त्यांचं समाधान काही होईना. "लोक वाचतेत आन तालुक्यालाच जातेत," ते म्हणाले. "उठून नांदेडलाच यावं वाटंल, असं कायतरी टाक."

संघपालनं टाकलं. 'सरकारी दवाखान्यात सापावरचं इंजेक्शन बहुतेक वेळा नसतं. वेळ घालवू नका, थेट नांदेड गाठा.' हे खोटं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याच्या चुलत्याला, केरबाला, पान लागलं तेव्हा हदगावच्या, तालुक्याच्या त्याच दवाखान्यानं वाचवलं होतं, आणि संघपाल तेव्हा त्याच्या उशाशी बसून होता. तरी बोटं चालली ती चाललीच. पंधरा दिवसांत ते वाक्य चौकटीत, मोठ्या अक्षरांत, सगळ्यांच्या वर दिसायला लागलं. पेज उघडायचीही गरज नाही, फोनच वाचून दाखवायचा. कुणाचं आहे ते खाली बारीक अक्षरांत, आणि ते कोण बघतंय?

त्याला जेवण गोड लागेना. एक दिवस धीर करून तो म्हणाला, "सर, हे बरं न्हाई. कुणाचा तरी जीव जाईल."

"'बहुतेक' लिहिलंस न्हवं?" सर म्हणाले. "मग झालं तर."

झालं तर झालं, म्हणून यानंही वाक्य तसंच राहू दिलं, आणि तिथंच लेकाचा चुकला.

सोयाबीन काढणीचे दिवस आले. भर दुपारी लुंबिनीचा फोन आला. "दादा, ह्यांना पान लागलंय. ढीग उचलताना, हाताला." ह्यांना म्हणजे तिच्या नवऱ्याला, धम्मानंदला.

"दवाखान्यात नेलं का?"

"जीपमधी हाव. वारंगा फाटा मागं पडला. तुझ्याकडंच येऊन राहिलो, नांदेडला."

संघपाल खुर्चीवरून उठलाच. "हदगावचा दवाखाना तर वाटंतच हुता, लुंबे. तिथं का थांबला न्हाईत?"

"दारावरनंच आलो की. पर मोबाईलवर हाय ना, सरकारीत इंजेक्शन नसतंय म्हून. आपल्या गावाचं नाव घालून लिहिलंय, दादा. खोटं कसं आसंल?"

"गाडी वळव. तिथं इंजेक्शन हाय."

"तुला काय माहीत?"

"ते मीच लिहिलंय. खोटं हाय ते. वळव आधी."

पलीकडून जीपचा आवाज तेवढा येत होता, आणि मध्येच धम्मानंदच्या घशातली घरघर. मग फोन बंद झाला.

जीप वळली खरी, पण हदगाव येईपर्यंत धम्मानंद गेला होता. लुंबिनीनं तिथल्या डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, "इंजेक्शन हाय का?" "आहे ना," त्या म्हणाल्या. "कालच दोघांना दिलं."

पाचव्या दिवशी धम्मानंदच्या जलदानाचा विधी उरकून भंतेजी गेले, पंगती उठल्या, आणि लुंबिनी भावासमोर येऊन बसली. ती रडत नव्हती. संघपालला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते काढ," ती म्हणाली. "माझ्यासमोर काढ."

"त्याच दिवशी काढलं, लुंबे. एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. सरांना इचारलं पण न्हाई."

लुंबिनीनं मोबाईल तोंडाशी धरला आणि सावकाश म्हणाली, "पान लागलं तर काय करावं."

फोनमधली बाई लगेच बोलली. स्वच्छ, गोड आवाज. "सरकारी दवाखान्यात सापावरचं इंजेक्शन बहुतेक वेळा नसतं. वेळ घालवू नका, थेट लातूर गाठा."

खाली लातूरच्या कुठल्याशा दवाखान्याचं नाव होतं. संघपालनं बोटानं वर सरकवत नेलं. आणखी एक, आणखी एक. त्याचंच वाक्य सगळ्यांनी उचललं होतं, कानामात्रा न बदलता. नुसती गावांची नावं वेगळी होती, आणि ती यादी काही संपत नव्हती. त्यातलं एकही पेज त्याच्या हातातलं नव्हतं.

लुंबिनी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"काढ की," ती म्हणाली.