दोन्ही डोळे उजवीकडे

आमचे हे इस्पितळात एक्स-रे काढतात आणि सुट्टीच्या दिवशी पाठीला सिलिंडर बांधून समुद्रात बुड्या मारतात. परवा तळाच्या वाळूत एक चपटा मासा दिसला, त्याचा फोटो काढून आणला. दोन्ही डोळे उजवीकडे. पुस्तकात मात्र त्या जातीचे डोळे डावीकडे! झालं, आठवडाभर घरात नुसत्या येरझाऱ्या. शेवटी वैतागून मीच फोटो ओढून घेतला. माशाशेजारी मापाला ह्यांचा हात होता.

"घड्याळ उजव्या हातात कधीपासून घालता?"

हे थबकले. पाठीकडून काढलेले छातीचे एक्स-रे रोज डावं-उजवं उलटवायची सवय; त्याच सवयीने, न बघताच, हा फोटोही उलटवला होता.

"मासा साधाच निघाला. आता तरी बसा!"

हे चपला शोधत होते. "कालचे एक्स-रे पुन्हा बघून येतो."