निरोपाखालची ओळ

कुसुममावशी कुणाचाही निरोप लिहून घ्यायची आणि त्याखाली स्वतःची एक ओळ जोडायची. ‘मामा शनिवारी येतात. आवाज थकलेला.’ ‘पेपर चांगला गेला. खरं वाटत नाही.’ नव्वदच्या दशकात उत्तरेकडच्या आमच्या शहरात, दुर्गाघाटाच्या आमच्या मराठी गल्लीत फोन मोजक्याच घरी होते. बाकीच्यांचे निरोप तिच्या एसटीडी बूथवर यायचे. घडी घातलेली चिठ्ठी ती ज्याची त्याच्याच हातात द्यायची. कुणाची आई मुलीची चिठ्ठी मागायला आली तर म्हणायची, “वहिनी, तुमची आली की तुम्हाला देईन.” गल्लीतल्या आया तिच्यावर खार खाऊन असायच्या आणि आम्ही मुली तिच्यावर जीव टाकायचो.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. एका हिंदी मासिकातल्या पत्रमैत्रीच्या सदरात मला लखनौचा राजीव सापडला होता. वय सतरा, आवड कविता. त्याची पत्रं मैत्रिणीच्या पत्त्यावर यायची. चार महिन्यांत मी त्याला आईशी झालेली भांडणंसुद्धा कळवू लागले. त्याने मागितला म्हणून फोटोही पाठवला. मग त्याला फोन नंबर हवा झाला. मी बूथचा दिला.

पहिलीच चिठ्ठी आली. ‘गुरुवारी चार वाजता कॅण्ट स्टेशनवर ये. एकटी. घरी सांगू नकोस.’ खाली मावशीची ओळ होती, ‘आवाज चाळिशीच्या माणसाचा.’

मी तिच्यावरच उखडले. “तुला काय कळतं? चार महिने पत्रं लिहितोय तो मला, सतराचा आहे! सर्दी झाली असेल त्याला!”

ती हसली नाही. “बिटिया, कागदावर माणूस पाहिजे त्या वयाचा होतो. गळ्याला ते नाही जमत. आईला तू सांग. बुधवारपर्यंत नाही सांगितलंस तर मी सांगणार. चोरून नाही, तुझ्यासमोर.”

मी तिच्याशी बोलणंच टाकलं. बुधवारी ती खरंच घरी आली आणि मला समोर बसवून आईला सगळं सांगितलं. आईचा हात उठला. मावशीने तो वरच्या वर धरला.

“वहिनी, आज माराल तर पुढच्या वेळी ही सरळ स्टेशनवर जाईल. ना तुम्हाला खबर, ना मला. घरी कुणी ऐकणारं असतं तर एवढी पत्रं लिहिली असती का तिने?”

आई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “काय लिहायचीस गं?” मला रडू फुटलं. पण मी सांगितलं, आणि तिने ऐकलं.

गुरुवारी मावशी बूथ बंद करून एकटीच स्टेशनवर गेली. परत आली ती माझा फोटो घेऊन. “फोटो हातात धरून उभा होता. कानांजवळचे केस पांढरे झालेत मेल्याचे. चार लोक बोलवू का म्हटलं, तर फोटो टाकून पळाला.” तो फोटो तिने आईच्या हातात दिला.

पुढे घराघरांत फोन आले, बूथ बंद पडला आणि ती भावाकडे इंदूरला गेली. तिकडेच वारली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मी तिला एकदाही पत्र लिहिलं नाही, याची अजून लाज वाटते.

आज माझी लेक पंधराची आहे. मी खोलीत शिरले की तिची मोबाइलवरची बोटं थांबतात. मी ओरडत नाही. विचारते, ऐकते. माझी आई त्या बुधवारनंतर जशी वागली तशीच मी वागते. तरी काही गोष्टी आईजवळ बोलता येत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तिच्यासाठी मी एक कुसुममावशी शोधते आहे. अजून सापडलेली नाही.