वाळूवरचं राखेचं रिंगण

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी पाखरांच्या अंड्यांचा विचार आला. खोटं कशाला लिहू. वहिनी रडत "वन्सं, हे गेले" म्हणत होती, मी कमलनगरच्या स्टँडजवळ भाजीची पिशवी धरून उभी होते, आणि डोक्यात एकच... आता वाळूकडं कोण बघणार? आठच दिवसांपूर्वी त्याला भेटून आले होते. छातीत कफ भरलेला, दोन शब्द बोलला की धाप. मला वाटलं, घरातलं काही सांगेल. तर म्हणाला, "काशे, तीन जोड्या आल्यात. कुणाला दाखवू नकोस." मी म्हटलं, "आधी औषध घे. पाखरं काय तुझ्यावाचून मरायलीत व्हय?" तो हसला, मग खोकल्यानं हसू मोडलं. तेच शेवटचं.

अण्णा, म्हणजे शरणप्पा, माझा थोरला भाऊ. आमचं गाव मांजरेच्या काठावर. पाणी ओसरलं की पात्रातल्या वाळूत आम्ही कलिंगडं, खरबुजं लावायचो. बापापासूनचं काम ते. त्याच दिवसांत वाळूच्या बेटावर एक पाखरू अंडी घाली. डोकं काळं, पोट काळं, चोच पिवळी, शेपूट कात्रीसारखं. घरटं म्हणजे वाळूत नुसता खळगा, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत. आमच्या लहानपणी ती इतकी असायची की ओरडण्यानं डोकं उठे. आई म्हणायची, "मेल्यांना कुणीतरी गप करा गं." कुणीतरी आईचं ऐकलं म्हणायचं.

वाळू उपसली गेली, पात्रात ट्रॅक्टर उतरले, वरच्या धरणातून अवेळी पाणी सुटू लागलं. एका वर्षी अण्णाला पाचच घरटी सापडली. शेळ्या आणि माणसं चुकून तुडवतात असं त्यानं मनाशी धरलं. आमच्याकडं खळ्यात धान्याची रास पडली की तिच्याभोवती राखेचं रिंगण घालतात. मग रास उचलेपर्यंत परका माणूस हात लावत नाही. अण्णानं चुलीतली राख चाळून घेतली आणि पाचही घरट्यांभोवती रिंगणं ओढली. मी विचारलं, "कामून करायलास हे?" म्हणाला, "देवाची खूण हाय. हात लावायची कुणाची छाती हाय?" हात कुणी लावलाच नाही. पण नदीत कसली रास पडली ते बघायला सगळं गाव लोटलं. बायका लेकरं घेऊन आल्या, एकीनं तर कुंकू वाहिलं. पाखरं दिवसभर वर घिरट्या घालत ओरडत राहिली, खाली उतरायला धजेनात. अंडी उन्हात उघडी पडली, आणि माणसं जेवायला घरी गेली तेव्हा कावळे आले... संध्याकाळी पाचही रिंगणं जशीच्या तशी होती. आत टरफलं. अण्णा कलिंगडाच्या वेलांत बसून राहिला. "मीच दाखवलं," एवढंच म्हणाला. मी त्याची समजूत घातली नाही. खरंच होतं ते.

त्यानंतर त्यानं कधी खूण केली नाही. काठावरच्या बाभळीखाली चपला काढायच्या आणि तापल्या वाळूत अनवाणी जायचं, अशी त्याची रीत झाली. मी म्हणायचे, "येड्या, पाय भाजून घ्यायला कुणी सांगितलंय?" तो म्हणायचा, "पायात चप्पल असली की माणूस म्होरं बघतो. पाय भाजला की खाली बघतो." घरटी कुठं ते त्याच्या डोक्यात असायचं. शेवटच्या वर्षांत माझ्याही.

अण्णाला माती देऊन पंधरा दिवस झाले आणि पाखरांची नोंद करणाऱ्या एक बाई बीदरहून माझ्याकडं आल्या. अण्णानं त्यांना दोनदा "हितं कायबी न्हाई" म्हणून परत पाठवलं होतं. पाखराचं नाव त्यांच्याकडून कळलं : काळ्या पोटाचा सुरय. समुद्रपक्ष्यांच्या कुळातलं, पण राहणार नदीवर. एकेकाळी सिंधूपासून पार ब्रह्मदेशापलीकडच्या नद्यांपर्यंत होतं, आता पूर्वेकडं बहुतेक संपलं, आणि जगाच्या यादीत ते धोक्यातलं म्हणून लिहिलंय. मी ऐकत राहिले. आईला ज्यानं वैताग यायचा ते पाखरू... बाई म्हणाल्या, "माझ्या कागदावर तुमच्या गावात एकबी न्हाई, अक्का. मग पाणी सोडू नका, ट्रॅक्टर घालू नका, हे मी कुणाला कशाच्या जोरावर सांगू?"

"आणि कागदावर आलं नि गाव लोटलं तर?"

त्या म्हणाल्या, "लोटणार न्हाई असं मी सांगू शकत न्हाई."

खोटं बोलल्या असत्या तर मी तिथंच दार लावलं असतं. चार दिवस घास गोड लागला नाही. अण्णाचं शेवटचं "कुणाला दाखवू नकोस" एकीकडं, आणि दुसरीकडं वरून सुटणारं पाणी. पाचव्या दिवशी बाईंना घेऊन जीपनं गावी गेले. बाभळीखाली अण्णाच्या चपला तशाच होत्या, शेवटच्या खेपेला आजारात तिथंच राहिलेल्या, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. मी माझ्याही तिथंच काढल्या. बाईंना म्हटलं, "ते बूट काढा."

"पाय भाजतील की, अक्का."

"भाजू द्या."

तीनपैकी दोनच जोड्या अंड्यांवर होत्या. बाई लांबूनच बघून मागं सरल्या आणि मोबाईलवर एकदाच बोट टेकवलं. म्हणाल्या, नोंद झाली. अण्णाचंही बोट राखेत असंच बुडालं होतं, चांगल्याच मनानं.

आता दर दोन दिवसांनी जाते. पाखरांकडं नंतर बघते, आधी वाळूत परक्या पायांचे ठसे शोधते. अजून तरी दिसले नाहीत. पाणीही सुटलेलं नाही, पण अंडी फुटून पिलं उडेपर्यंत बरेच दिवस आहेत. परवा वहिनी म्हणाली, "वन्सं, त्यांच्या चपला तरी उचलून आणा, तिथं कामून ठेवल्यात?"

मी म्हटलं, "राहू द्या वैनी. जुन्या चपला बघायला गाव लोटत न्हाई."