क्रांतीचं वाक्य

रंकाळ्याजवळच्या एका बालवाडीत शालूबाई सव्वीस वर्षं शिकवतात. स्नेहसंमेलनाचं नाटक त्या पोरांकडून पाठ करून घेत नाहीत. "म्हैस हरवली. आता?" एवढंच विचारतात. पुढचं वाक्य ज्याचं त्यानं शोधायचं. कुणी अडलं तर बाकीच्यांनी सांगायचं नाही, थांबायचं. पाच वर्षांच्या पोरांना थांबायला शिकवण्यातच त्यांचे दोन महिने जातात.

क्रांती राधानगरीकडून आलेल्या घरातली. जूनपासून ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. बाईंनी तिला म्हैस केलं. डिसेंबरात एक दिवस सगळी पोरं म्हशीला हाका मारत असताना ती एकदम म्हणाली, "मी हरवली न्हाय की! पाण्यात बसलीया!"

पोरं लोळून हसली. त्या दिवसापासून तालमीत ती रोज बोलू लागली, कधी लगेच, कधी बराच वेळ थांबून.

बालवाडीच्या प्रमुख अवंतिका मॅडम याच वर्गात, याच बाईंकडे शिकलेल्या.

"बाई, यंदा पाहुणे मोठे आहेत. पोरं अडखळली तर?"

"अडखळतील, मग बोलतील. तू तर स्टेजवर रडली होतीस की, अवंते!"

मॅडम हसल्या. "बरं, त्यांच्याच तोंडून होऊ दे. शब्द देते." मग आठवण म्हणून त्यांनी एक तालीम मोबाईलवर घेतली. बाईंनीच पोरांना ओळीत उभं करून दिलं.

संमेलनाच्या दुपारी पडदा उघडला आणि पहिलं वाक्य स्पीकरमधून आलं. मागे संगीत, आवाज स्वच्छ. पोरं गोंधळली. बाईंनी विंगेतून मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हातानंच खूण केली, चालू दे.

क्रांतीची वेळ आली. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं. तेवढ्यात स्पीकरमधून शेजारच्या शाळेतली, तिसरीतली कुणी मुलगी म्हणाली, "मी हरवले नाही, मी पाण्यात बसले आहे."

टाळ्या पडल्या. बाकीची पोरं मात्र क्रांतीकडे बघत थांबून राहिली. नाटक त्यांना सोडून पुढे गेलं.

"बाई, रागावू नका," नंतर मॅडम म्हणाल्या. "कार्यक्रम किती सुंदर झाला!"

"मला आधी सांगायचं तरी."

"तुम्ही ऐकलं नसतं. म्हणून त्या तालमीच्या व्हिडिओवरून वाक्यं उतरवली आणि मोठ्या मुलांच्या आवाजात रेकॉर्ड करून घेतली."

"म्हणून माझ्याच हातनं करून घेतलंस व्हय?"

तेवढ्यात क्रांतीचे वडील जोतीराम लेकीला कडेवर घेऊन आले. त्यांचा चेहरा फुलला होता. "बाई, काय बोलली ओ आमची पोरगी! एवढं शुद्ध! घरात तर तोंड उघडत न्हाय!"

मॅडमनी बाईंचा दंड हलकेच दाबला. क्रांती बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

शालूबाईंनी दंड सोडवून घेतला.

"ती बोलली न्हाय, जोतीराम. बोलणार होती. आम्ही बोलू दिलं न्हाय."

जोतीरामना काही समजेना. क्रांतीनं मात्र वडिलांच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि ती मोठ्यानं रडायला लागली.