डोळे मिटा, हात घाला

अहमदपूरच्या आमच्या शाळेत सोनकांबळे गुरुजी तासाला आले की खडू उचलण्याआधी खांद्यावरची कापडी पिशवी पोरांपुढे धरत. "डोळे मिटा, हात घाला," एवढंच म्हणत. आत कधी ज्वारीचं कणीस, कधी चिंच, कधी मोडका अडकित्ता. हाताने ओळखायचं, मग त्यावर बोलायचं. पाठांतराचा त्यांना भारी तिटकारा. "घोकून पोपट व्हतो, माणूस न्हाई," हे त्यांचं ठरलेलं. मी आधी त्यांचा विद्यार्थी. पुढे त्याच शाळेत मास्तर झालो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. त्या साली गुरुजींना मेंदूचा झटका आला. दीड-दोन महिन्यांत हातपाय, वाचा सगळं परत आलं. माणसं ओळखत, वाचत. एकच विचित्र खोट राहिली. कुलूप, कात्री, हातोडा दाखवला की नाव तयार. गाय, कावळा, वांगं दाखवलं की गप्प. "जनावर हाय का भाजी, ते बी समजंना," म्हणत आणि ओशाळत.

पुन्हा रुजू व्हायला लातूरच्या सरकारी डॉक्टरांचा दाखला हवा होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. "वर्गाबिगर मी करू काय रे?" गुरुजी विचारत. मी घाबरलो आणि नको ते केलं. प्राण्यांचा तक्ता भिंतीला लावून आठ दिवस त्यांच्याकडून ओळीने नावं घोकून घेतली.

"जल्मभर पोरांना घोकू दिलं न्हाई, अन् तू मलाच घोकवून राहिलास?" ते म्हणाले. पण घोकलं बिचाऱ्यांनी.

डॉक्टरांची चित्रं वेगळीच निघाली. गुरुजींनी मात्र आमच्या तक्त्याच्या क्रमानेच उत्तरं दिली. कोंबडीला गाय, मांजराला बैल, उंदराला घोडा. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात आमच्यासोबत लातूरला आलेल्या मावशींनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, हातातली बाजाराची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "डोळे मिटा, हात घाला," त्या म्हणाल्या. संसारात त्यांनी गुरुजींना केलेला तो पहिलाच हुकूम असावा.

"वांगं," गुरुजी म्हणाले. "सुकलंय, पर वांगंच. देठाला काटे हायत. ह्यो लसूण. अन् ही चिंच, लई जुनी."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाले, मेंदूत सगळ्या वस्तू एकाच फडताळात नसतात. अवजारं एकीकडे, जनावरं-भाज्या दुसरीकडे. यांच्या डोळ्यांकडून तिकडे जाणारी वाट तुटली आहे, हाताची शाबूत आहे. मग विचारलं, "गुरुजी, वर्गात शिकवता कसं?"

"असंच की," गुरुजींनी पिशवी उचलून दाखवली.

डॉक्टर हसले आणि त्यांनी दाखला लिहिला. व्हरांड्यात आल्यावर मला रडूच कोसळलं.

दोन वर्षं गुरुजींनी झकास शिकवलं. निरोपाच्या दिवशी मी हार घातला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून फुलं चाचपली. "झेंडू," म्हणाले. मग तसाच हात पुढे करून माझा कान पकडला.

"अन् हे गाढव. तक्त्यातलं. बराबर वळखलं का न्हाई?"

"एकदम बरोबर, गुरुजी," मी म्हणालो.