प्लूटो आणि अर्धा कोयता

मंडळी, श्रीगोंद्याजवळ ऊसतोड कामगारांच्या तळावर मी मुलांना शिकवते.

आज सांगितलं, "प्लूटो गोल आहे, सूर्याभोवती फिरतो, पण त्याच्या वाटेवर इतरही गोळे फिरतात. वाट त्यानं मोकळी केलेली नाही, म्हणून तो ग्रह नाही, बटुग्रह."

दारात भाकरी बांधणाऱ्या सखूबाई ऐकत होत्या. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच ऊस तोडतात. इथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, म्हणून मुकादम त्यांना अर्धा कोयता म्हणतो.

"बाई, ग्रह न्हाई म्हनल्यावर त्यो फिरायचा थांबला का?"

"नाही."

"मंग! मला बी अर्धा म्हनत्यात. माझ्या हातानं ऊस काय अर्धा तुटतो व्हय?"

प्लूटोची व्याख्या मी उद्याही शिकवीन. मुकादमाची व्याख्या मात्र माझ्यासमोर कुणी उच्चारून दाखवावीच!

तुमच्याकडे कुणाला अर्धं मोजतात?