कानामागची चामखीळ

माझ्या कानामागं बारा वर्षं चामखीळ होती. मला ती दिसायची नाही, दिसायची बायकोला. आधी मसुराएवढी, मग हरभऱ्याएवढी, असं तीच सांगायची आणि मी तिला गप्प बसवायचो.

कसं गप्प बसवायचो तेही लिहितो, नाहीतर हे लिहिण्यात काय अर्थ? हातानं. शिरोलीच्या फौंड्रीत मी ग्राइंडरवर. दिवसभर ठिणग्या आणि आवाज. घरी कुणी चार शब्द बोललं की माझं टाळकं सटकायचं. "दवाखान्यात दाखवा की," एवढंच ती एकदा म्हणाली आणि मी जेवणाचं ताट भिंतीवर हाणलं. आमटीचा डाग घराला रंग देईपर्यंत तिथंच होता.

चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की ती वाळून गळते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. वरातीच्या घोडीचा केस मी मागून आणला आणि बायकोला म्हटलं, बांध.

"अवो, ही चामखीळ वाटत न्हाय. काळी पडलीया. मदी खड्डा हाय."

"तू डाक्टर हाईस व्हय? आवळ!"

तिनं आवळला. कळ डोळ्यापर्यंत गेली आणि मी मागं न बघता कोपर हाणलं. तिचा हात माझं कोपर आणि भिंत यांच्यात चेचला. बांगड्या फुटल्या. वर मीच ओरडलो, "एवढं आवळत्यात व्हय गं?" तिनं मनगटाला हळद लावून फडकं बांधलं आणि त्याच हातानं संध्याकाळच्या भाकरी थापल्या.

चामखीळ काही गळली नाही. चिघळली, खपली धरली, परत वाढली. एकदा मी चाचपून दाढीचं ब्लेड लावलं. मोरी लाल झाली, पण महिन्याभरात ती आपली जागेवर हजर.

मग यंदा कारखान्यात एकानं मागून टिचकी मारली. "काय पावणं, तिसरा कान फुटतोय जणू!" सगळे हसले. मी त्याला गचांडी धरून वाळूच्या ढिगावर आपटलं आणि तोंडावर बुक्क्या घातल्या. त्याचा एक दात पडला. त्यानं खालून माझा कानच ओरबाडला. त्याचं रक्त थांबलं, माझं थांबेना. मालकानं सांगितलं, डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय गेटच्या आत पाय ठेवायचा नाही.

डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. "कॅन्सरची शंका आहे," म्हणाल्या. ते आठ दिवस माझी पार टरकली होती. पोरगी दहावीला, मी गेलो तर दोघींचं काय? त्या आठ दिवसांत मी घरात कुणावर हात उगारला नाही. शहाणपण नव्हतं ते, भ्यालो होतो.

नवव्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो. "कॅन्सरच आहे," बाई म्हणाल्या, "पण सावकाश वाढणारा. पूर्ण काढला की जिवाला धोका नाही. केव्हापासून आहे?"

जीव भांड्यात पडला, आणि जीभ लगेच सैल सुटली. "दोन वर्सं झाली आसतील," मी थाप मारली.

"बारा," बायको म्हणाली. तिनं पर्समधून मोबाइल काढला. रविवारी मटण खाऊन मी दुपारी घोरत पडलो की ती अधूनमधून कानामागचा फोटो काढायची. सात वर्षांचे फोटो होते. मला पत्ताच नव्हता. माप कळावं म्हणून दर फोटोत तिनं स्वतःचं बोट शेजारी धरलं होतं.

बाई एकेक फोटो सरकवत होत्या. एकावर थांबल्या. तो मोठा केला, पण कान नाही, हात. सुजून वाकडं झालेलं मनगट, बांगडीनं कापल्याची खूण. पुढच्या फोटोत नख काळं होतं. त्याच्या पुढच्यात मनगटाच्या वर निळे वळ.

"मोरीत पडल्ते," बायको घाईनं म्हणाली.

बाईंनी तिच्याकडं बघितलंच नाही. मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "आणि हे केव्हापासून आहे?"

थाप तोंडात तयार होती. बायको खाली मान घालून बसली होती, ते मनगट दुसऱ्या हातानं झाकून.

"लगीन झाल्यापास्नं," मी म्हणालो.